खाटेखालची बाळंतीण

कुत्री आमची नव्हती. माझे यजमान बुऱ्हाणपूरच्या कचेरीत कारकून होते आणि ती त्यांच्या साहेबांची होती. राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या जात होत्या, ते दिवस. तोवर आमचा कारभार नागपूरहून चालायचा. आता तो भोपाळहून चालणार होता आणि नागपूर दुसऱ्या राज्यात जाणार होतं. कचेरीत रोज कुणाची ना कुणाची बदली निघायची. साहेब नागपूरकडचे, त्यांनी तिकडे जाणं पसंत केलं. यजमानांनाही विचारणा झाली होती. पण माझ्या सासूबाईंनी "मी तापी सोडून कुठं येणार नाही" एवढं एकच वाक्य बोलून तो विषय मिटवला. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायची पद्धत होती. आत्याबाई एकदा बोलल्या की त्यावर दुसरं कुणी बोलत नसे.

साहेबांचं सामान बैलगाड्यांत चढत होतं तेव्हा त्यांच्या बाईंनी यजमानांच्या हातात साखळी दिली. "तिकडे बंगला मिळाला की माणूस पाठवते. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. खायला काही फार लागत नाही तिला. हल्ली जरा अंगानं भरलीय, लाडावलीय एवढंच."

साहेबांच्या बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. यजमान कुत्री घेऊन घरी आले. पांढरी, लांब केसांची, तपकिरी कानांची होती ती. कान इतके लांब की पाणी पिताना भिजायचे. तिचं एक इंग्रजी नाव होतं, पण ते आमच्यापैकी कुणाच्या जिभेवर बसलं नाही. यजमान तिला मेमसाहेब म्हणत, मी नुसतं बाई म्हणे, आणि आत्याबाई काहीच म्हणत नसत, कारण त्यांना तिच्याशी बोलायचंच नव्हतं.

आत्याबाई कुत्र्यांना फार भीत. लहानपणी एक कुत्रा पोटरीला चावला होता, त्याचा वण त्यांच्या पायावर शेवटपर्यंत होता. गल्लीत कुत्रं दिसलं की त्या भिंतीला चिकटून उभ्या राहत आणि ते जाईपर्यंत हलत नसत. घरातल्या बाकी सगळ्यांवर त्यांचा धाक, आणि त्यांच्यावर कुत्र्याचा. कुत्री आल्यापासून परसात बांधलेली असे. आत्याबाईंना मागे जायचं झालं की त्या दारात उभ्या राहून मला हाक मारत, मी जाऊन कुत्रीचा पट्टा धरायचा, मग त्या पदर सावरत पलीकडून जायच्या. दिवसातून कितीतरी वेळा.

मला कुत्र्यांचं काही वाटत नसे. माझं माहेर रावेरकडचं. केळीच्या बागेत आमच्याकडे नेहमी दोन-तीन कुत्री असायची. पण ती कडब्याच्या गंजीत कुठेतरी विऊन यायची आणि पिल्लं डोळे उघडून चालायला लागली की आम्हाला दिसायची. विताना मी एकही पाहिली नव्हती. बायकांचं तर विचारूच नका. घरात कुणाला कळा सुरू झाल्या की आम्हा मुलींना शेजारी पाठवून देत. तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि मूल कसं बाहेर येतं हे मला जुजबीच माहीत होतं.

कुत्री येऊन आठवडा झाला असेल. आत्याबाई दारात उभ्या होत्या, मी पट्टा धरला होता. त्या पलीकडे गेल्या नाहीत. तिथूनच तिच्याकडे बघत राहिल्या.

"ही लाडावलेली नाही," त्या म्हणाल्या. "ही पोटुशी आहे."

"कशावरून?"

"चालू राहिली कशी, बघ जरा. आणि खाली आचळं बघ. साहेबीण मोठी शिकलेली, पण घरातलं काही दिसलं नाही तिला."

संध्याकाळी यजमानांना सांगितलं तर ते घाबरले. "साहेबांना कळवायला पाहिजे."

"काय कळवशील?" आत्याबाई म्हणाल्या. "तुमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय म्हणून?"

यजमान गुरांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आले. तिथं त्यांना सांगितलं की कुत्रीला काही करावं लागत नाही, ती आपली आपण विते, अंधारी उबेची जागा द्या आणि प्यायला पाणी ठेवा. थंडीचे दिवस होते. परसात जळणाची लाकडं ठेवायला पत्र्याचं छप्पर होतं. तिथली लाकडं मी एका बाजूला रचली, खाली गोणपाट घातलं, त्यावर माझं एक विरलेलं लुगडं घडी करून अंथरलं आणि पुढे किंतानाचा पडदा लावला. कुत्रीनं सगळं हुंगून पाहिलं आणि आत जाऊन बसली. मला वाटलं, झालं आपलं काम.

ती व्याली त्या दिवशी यजमान नव्या साहेबांबरोबर शाहपूरच्या बाजूला दौऱ्यावर गेले होते, संध्याकाळी परतणार होते. सकाळी कुत्रीनं भाकरीला तोंड लावलं नाही. दूध ठेवलं तेही तसंच. मग ती गोणपाट उकरायला लागली. पुढच्या पायांनी असं उकरत होती की जणू खाली काही पुरलंय. लुगड्याच्या चिंध्या झाल्या. मी तिला रागावले. रागावले की थांबायची, मान वळवून स्वतःच्या शेपटीकडे बघायची, धापा टाकायची आणि पुन्हा उकरायची. ती खोडी नाही, कळा आहेत, हे मला कळलं नाही. मला वाटलं साखळीचा कंटाळा आला असेल, म्हणून जेवणं झाल्यावर मी साखळी काढली.

साखळी सुटल्याबरोबर ती माझ्या पायांमधून घरात शिरली. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत गेली आणि थेट आत्याबाईंच्या खाटेखाली.

आत्याबाई खाटेवर बसून वाती वळत होत्या. पाय खाली सोडलेले. त्यांच्या पायाला केस लागले तेव्हा त्यांना कळलं.

"अवं माय! काढ तिला! आधी काढ!" पाय वर ओढून घेऊन त्या खाटेच्या मधोमध अंग चोरून बसल्या. कापूस सगळा खाली सांडला.

मी गुडघ्यावर बसून पट्ट्याला हात घातला आणि ओढलं. कुत्री गुरगुरली. इतक्या दिवसांत ती कधी गुरगुरली नव्हती. मी हात मागे घेतला. हात ओला झाला होता. खाटेखालून शहाबादी फरशीवर पाण्याचा ओघळ आला आणि दाराकडे चालला. आत्याबाई वरून वाकून त्याच्याकडे बघत होत्या.

"मुतली का ही?"

मी बोटं हुंगली. "नाही. वास वेगळाच आहे."

आत्याबाई आवाज बदलून म्हणाल्या, "पाणी गेलं तिचं. आता ओढू नको."

"म्हणजे इथंच?"

"मग कुठं? कळा देत असलेल्या बाईला कोणी हलवते का?"

त्यांच्या खाटेच्या डोक्याशी कोनाड्यात देव होते. एरवी विटाळाचं त्या किती पाळत ते मला चांगलं माहीत होतं. त्यांनी कोनाड्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "पडदा ओढ त्याच्यावर." मी देवांपुढचा पडदा ओढला. मग त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. पाणी तापत ठेव. जुनी धोतरं आण, सुती. कात्री उकळत्या पाण्यात टाक. बाहेरचं दार लावून घे, कोणी आलं तर सांग आत्याबाई झोपल्या आहेत.

त्यांना बाळंतपणातलं सगळं कळत होतं. नात्यातल्या किती बायकांची बाळंतपणं त्यांनी पार पाडली होती. पण खाटेवरून खाली उतरायची त्यांची हिंमत नव्हती. खाली उतरायचं म्हणजे पाय कुत्रीच्या तोंडापुढे ठेवायचा. त्या वर आणि मी खाली, असा आमचा कारभार सुरू झाला. मी पालथी पडून अर्धी खाटेखाली शिरले होते. खाटेच्या सुतळीतून त्यांचा आवाज माझ्या पाठीवर पडत होता. समोरच्या घरात माग होते, त्यांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"काय करू राहिली ती?"

"जोर देतेय. पाय ताणलेत."

"तिला दटावू नको. पाठीवर हात ठेव नुसता."

मी हात ठेवला. केसांखाली तिचं अंग कडक व्हायचं आणि सैल पडायचं. मग एकदम तिनं एक किंकाळी मारली आणि शेपटीखाली काळपट चकचकीत असं काहीतरी आलं. मला वाटलं आतडं बाहेर आलं. ते फरशीवर पडलं. कुत्री उडी मारून उठली, त्याच्यापासून लांब भिंतीला जाऊन टेकली आणि माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीनं बघायला लागली. तिला स्वतःलाच ते काय आहे हे कळलं नव्हतं.

"झालं का?"

"पिशवी आहे. पिशवीत काहीतरी हलतंय."

"मग बघत काय बसली? फाड! नखानं फाड! जीव कोंडेल त्याचा!"

मी फाडली. बुळबुळीत होती, निसटत होती. दुसऱ्यांदा नख लागलं आणि आतून उंदराएवढं तोंड बाहेर आलं. आत्याबाई वरून सांगत होत्या तसं मी बोटाला धोतराचा तुकडा गुंडाळून तोंड पुसलं, नाक पुसलं, अंग घासलं. ते किंचाळलं. इतक्या लहान जीवाचा इतका मोठा आवाज. आत्याबाई वर "हां, हां" म्हणाल्या, जणू त्यांनी त्याला ओळखलं.

नाळ बांधायला दोरा हवा होता. आत्याबाईंनी लुगड्याच्या काठातून एक धागा ओढून सुतळीच्या भोकातून खाली सोडला. "पोटापासून दोन बोटं सोडून बांध. घट्ट. मग पलीकडून काप." मी बांधला, कापला. तेवढ्यात कुत्री पुढे आली, मला वाटलं पिल्लाला हुंगायला, तर तिनं पडलेली वार तोंडात घेतली आणि खायला लागली.

मी ओरडले. "आत्याबाई, ती वार खातेय!"

"खाऊ देऊ नको! गाईला नाही खाऊ देत!"

मी हात पुढे केला. कुत्री गुरगुरली. मी सांगितलं, गुरगुरतेय.

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "राहू दे मग. कुत्र्यांचं वेगळं असेल."

त्या वासानं आणि त्या खाण्याच्या आवाजानं मला ढवळून आलं. मी तशीच मागे सरकत बाहेर आले, मोरीपर्यंत पोहोचले आणि दुपारचं सगळं जेवण ओकले. तोंड धुऊन परत आले तर आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या.

"कितवा?"

"काय?"

"मला शिकवू नको. कितवा महिना?"

मी खाली बघितलं. "दुसरा सरत आला."

"आणि सांगितलं नाही."

"संक्रांतीला सांगणार होते."

"ऊठ तिथून," त्या म्हणाल्या. "पोटुशीनं दुसरीचं बाळंतपण बघायचं नसते. चल, हो बाजूला."

"मग कोण बघणार?"

आम्ही दोघींनीही त्यांच्या पायांकडे पाहिलं. ते अजून खाटेवर, लुगड्यात झाकून घेतलेले होते. खाली कुत्रीनं पुन्हा धापा टाकायला सुरुवात केली.

"डोळे मीट," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि हातानं कर."

मी खरंच डोळे मिटून खाटेखाली शिरले. त्यांच्या शब्दाचा मान म्हणून थोडा वेळ मिटलेलेही ठेवले. मग उघडले. वरून त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, आणि मला वाटतं त्यांना ते माहीत होतं.

दुसरं पिल्लू आलं तेव्हा कुत्रीला थोडं कळायला लागलं होतं. तिनं पिशवी चाटली, दातांनी थोडी फाडली, बाकीची मी फाडली. नाळही तिनं स्वतः तोडली. पहिल्याला मी तिच्या पोटाशी लावलं होतं, ते लुचायला लागलं आणि तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं, हुंगलं, चाटलं. मी वर सांगत होते आणि आत्याबाई "चाटली ना? मग चांगलं झालं" म्हणत होत्या.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं संपलं. आत्याबाईंनी विचारलं, पोट कसं आहे? मी चाचपलं. अजून गोळे होते. कुत्री जोर देत होती, थकत होती, पुन्हा देत होती. जीभ बाहेर आली होती. मी हातावर पाणी घेऊन तिच्या तोंडाशी नेलं, तिनं चाटलं नाही. मग शेपटीखाली काहीतरी दिसलं.

"पाय आलेत," मी म्हटलं.

"पाय? पुढचे का मागचे?"

मी वाकून पाहिलं. "शेपटी दिसतेय. मागचे."

मी पुन्हा सांगितलं, आत्याबाई, मागचे पाय आहेत आणि पुढे सरकत नाहीये. खाट करकरली. आणि माझ्या तोंडापुढे फरशीवर आधी त्यांचा एक पाय आला, मग दुसरा.

"खाट उचल. अंधारात काही दिसत नसेल तुला."

दोघींनी मिळून खाट उचलून कुत्रीच्या वरून बाजूला काढली आणि भिंतीशी उभी केली. कुत्री उघडी पडली तशी ती उठायला बघत होती, पण उठवेना. आत्याबाईंनी पदर उजव्या हाताला गुंडाळून घेतला, कोपरापर्यंत. मग तिच्या डोक्याशी बसल्या. मांडी घालून बसल्या म्हणजे डोकं मांडीवर घ्यावंच लागणार होतं.

"चावेल का?"

"नाही चावणार," मी म्हटलं. मला काय माहीत होतं? पण म्हटलं.

त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गुंडाळलेला हात तिच्या मानेवर ठेवला. कुत्रीनं डोळे वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि डोकं तिथंच सोडून दिलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आता ऐक. तू ओढायचं नाही. ती जोर देईल तेव्हाच धरायचं, आणि खाली घ्यायचं, तिच्या पोटाकडे. सरळ नाही. जोर थांबला की तू पण थांबायचं."

धोतराच्या तुकड्यानं मी ते दोन्ही पाय धरले. काड्यांसारखे होते. ती जोर द्यायची तेव्हा आत्याबाई "दे, दे, दे" म्हणायच्या, आणि मी खाली घ्यायची. सूतभर सरकायचं. पुन्हा थांबायचं. कंबर आली, पोट आलं, आणि डोकं अडकलं. तेव्हा कुत्री रडली. कुत्रं असं रडतं हे मला माहीत नव्हतं. आत्याबाई खाली वाकल्या, त्यांचं कपाळ तिच्या कानांना लागलं असेल, आणि काहीतरी पुटपुटल्या. पुढच्या कळेला डोकं सुटलं.

ते सगळ्यांत मोठं होतं. पूर्ण पांढरं. पण हलत नव्हतं. मी तोंड पुसलं, घासलं, उलटं धरलं. मान लटकत होती.

"आण इकडे."

त्यांनी हाताचा पदर सोडला आणि उघड्या हातात ते घेतलं. पदरानं ते चोळायला लागल्या. पाठ, छाती, पुन्हा पाठ. मध्येच तोंड उघडून फुंकर मारत. कुत्रीचं डोकं तसंच त्यांच्या मांडीवर होतं. मागांचा आवाज चालू होता. मी बघत बसले. किती वेळ झाला कुणास ठाऊक, पिल्लाच्या अंगावरचं पाणी सुकून त्याचे केस फुलले, तरी त्या चोळत होत्या.

"आत्याबाई," मी म्हटलं, "राहू द्या आता."

"गप."

चोळता चोळताच त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता. "ह्याच्या आधी एक होता." ह्याच्या म्हणजे माझ्या यजमानांच्या. "पायाळू होता. असाच आला. त्याला कोणी चोळलंच नाही. कापडात गुंडाळलं आणि कोपऱ्यात ठेवलं. सगळ्या म्हणाल्या, बाईला बघा आधी. मला काय बघायचं होतं? मी तर धडधाकट होते."

मी त्यांच्या घरात वर्षभर होते आणि मला वाटायचं यजमान त्यांचं पहिलं मूल.

मांडीवरचं डोकं हललं. कुत्री पुन्हा जोर देत होती. आत्याबाईंचे हात थांबले. त्यांनी ते पांढरं पिल्लू आपल्या पदरानं नीट पुसलं, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बघ, आता काय येऊ राहिलं."

चौथ्याला आम्हाला काही करावं लागलं नाही. ते आलं, कुत्रीनं पिशवी फाडली, नाळ तोडली, चाटून चाटून त्याला लोळवलं, आणि ते ओरडत स्वतःच आचळाकडे सरकलं. आम्ही दोघी बघत होतो. मी माझे डोळे उघडे आहेत हे लपवलं नाही आणि त्याही काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "कशी शिकली बघ, दुपारपासून."

दिवे लागायच्या वेळी यजमान आले. मी दार उघडलं. त्यांनी मधल्या खोलीत पाहिलं तर खाट भिंतीला उभी, फरशीवर धोतरांचे बोळे, आणि आई खाली बसलेली, मांडीवर कुत्रीचं डोकं.

"आई," ते म्हणाले, "तू तिला हात लावलास?"

"डोकं जड असते रे हिचं," आत्याबाई म्हणाल्या. "पाय मुंग्यांनी भरला माझा. उठव मला."

पांढरं पिल्लू यजमान तापीवर नेऊन सोडणार होते. आत्याबाईंनी नेऊ दिलं नाही. परसात लिंबाच्या झाडाखाली त्यांनी स्वतः खड्डा करून घेतला, खोल, आणि वर दगड ठेवला. मग आंघोळ केली, देवांपुढचा पडदा सारला आणि दिवा लावला. विटाळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही.

खाट पुढे ओटीवर गेली. कुत्री मधल्या खोलीत राहिली, कारण तिनं तिथून हलायला नकार दिला. आत्याबाई तिच्यासाठी रोज कण्या शिजवत, गूळ आणि तूप घालून. यजमान म्हणाले, कुत्र्याला तूप पचत नाही. आत्याबाई म्हणाल्या, बाळंतिणीला पचते. पिल्लं दूध ओढत आणि तिची हाडं दिसायला लागली तसं तूप वाढलं. मलाही त्याच पातेल्यातून वाटी मिळायची. नको म्हटलं तर कुत्रीकडे बोट दाखवून म्हणायच्या, ती बघ कशी निमूट खाते.

साहेबांचा माणूस आला तेव्हा पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. नागपूरकडचा चपराशी, सभ्य माणूस. पिशवीत साखळी घेऊन आला होता. आत्याबाईंनी त्याला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, "बाळंतिणीला सव्वा महिना पाठवत नसतात."

"अहो पण बाईसाहेबांनी आणायला सांगितलंय."

"बाईसाहेबांना म्हणावं, तुमच्याकडे काय पद्धत आहे माहीत नाही. आमच्याकडे ही आहे."

तो माणूस यजमानांच्या तोंडाकडे बघायला लागला. यजमान भिंतीकडे बघायला लागले. बिचारा जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. साहेब आता वेगळ्या राज्यात, त्यामुळे त्यांच्या रागाची भीती तशी उरली नव्हती. तरी यजमान दोन रात्री नीट झोपले नाहीत.

पुन्हा आला तो बऱ्याच दिवसांनी. तोवर एक पिल्लू शाहपूरच्या एका केळीवाल्यानं नेलं होतं, तो कचेरीत कामासाठी येत असे. एक जसोंडीला यजमानांच्या मामांकडे गेलं. राहिलेलं एक, तपकिरी कानांचं, आम्ही आईबरोबरच द्यायचं ठरवलं. टांगा करून आम्ही लालबागला, स्टेशनवर गेलो. आत्याबाईही आल्या. कुत्री टांग्यात माझ्या पायाशी बसली होती. चपराशानं साखळी घेतली तशी ती शेपटी हलवत त्याच्याबरोबर निघाली. त्याच्या कपड्यांना साहेबांच्या घराचा वास येत असेल. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पिल्लू टोपलीत होतं आणि टोपलीतून डोकं वर काढून सगळ्या फलाटावर भुंकत होतं. मला रडू आलं. आत्याबाई म्हणाल्या, "रडायला काय झालं? लेक सासरी गेली."

मला मुलगी झाली, माहेरी, रीतीप्रमाणे. बाळंतपण सोपं गेलं. सुईणीला वाटलं पहिलटकरीण घाबरेल, तिनं मला डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले नाहीत.

साहेबांच्या बाई मला पुष्कळ वर्षांनी अकोल्याला एका लग्नात भेटल्या. आधी ओळखलं नाही. कुत्रीचं बोलल्यावर ओळखलं, आणि मग माझा हात सोडेनात. कुत्री म्हातारी होऊन केव्हाच गेली होती. त्या म्हणाल्या, तुमच्याकडून आल्यावर तिला दोनदा पिल्लं झाली, आणि दोन्ही वेळा तिनं आमची बाग, आमची खोली सगळं सोडून माझ्या सासूबाईंच्या पलंगाखाली जागा धरली.

"सासूबाई कशा चिडायच्या म्हणून सांगू," त्या हसत म्हणाल्या. "का असं करायची, काय माहीत."

मी त्यांना खाटेची सगळी हकिगत सांगितली. मध्येच जेवणाची पंगत बसली आणि वाढपी बोलवायला आले, पण त्या उठल्या नाहीत.